डावा हात दांडीवर

डुलूथ, मिनेसोटा
४ ऑक्टोबर १९७६

प्रिय आर्डी,

अक्षर डोंगर चढत गेलेलं दिसलं तर घाबरू नकोस. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलाय, डाव्यातला अजून आहे आणि दोघांचं आपसात पटत नाही. म्हणून एक डोळा मिटून लिहिते आहे. समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्याला वाटतं मी त्याला डोळा मारते. वाटू दे बिचाऱ्याला.

काम असं आहे. तुला 'सोमवारची धांदल' हे माझं चित्र आठवतं ना? नाही म्हणू नकोस. पण इतकी वर्षं तू त्याचं नावही काढलेलं नाहीस, म्हणून मीच आठवण करून देते. तळघर, कपडे धुण्याचं मशीन, वर पिळायचे दोन रूळ. त्या रुळांत झग्याचा घेर अडकलाय, रूळ तो ओढून घेताहेत आणि मोज्यांच्या वरपर्यंत पाय उघडे पडलेत. पायांत उंच टाचांचे लाल बूट. (तळघरात!) उजवा हात झग्यावर, डावा तोंडाशी, बोटं पसरलेली, ओठांचा गोल. एक्कावन्न साली हे कॅलेंडर देशातल्या किती गॅरेजांत आणि धान्याच्या दुकानांत लटकलं असेल, देव जाणे. मी काढलेल्या सगळ्या पोरींत तीच सर्वांत जास्त चालली, आणि ती तू होतीस.

मूळ चित्र अजून माझ्या पलंगाखाली आहे. गेल्या आठवड्यात सेंट पॉलच्या म्युझियममधून जुडिथ नावाची एक मुलगी आली. मार्चमध्ये त्यांचं प्रदर्शन आहे, जुन्या कॅलेंडरांतल्या घरकाम करणाऱ्या पोरींचं. झाडणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या, केक जाळणाऱ्या. ती मला म्हणाली, "मिस हाउगन, या सगळ्या जणी कायम कामात असतात आणि काम मात्र एकीचंही होत नाही." मी आधी हसले. ती गेल्यावर मात्र बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसले.

तिला चित्राखाली मॉडेलचं नाव लावायचं आहे. म्हणाली, चित्रकाराचं नाव असतं, कॅलेंडर कंपनीचं असतं, मग हिचंच का नाही? मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारते आहे. तुझं नाव देऊ?

व्हर्जिलला आणि गाईंना नमस्कार सांग.

तुझी,
लव्हॉन

*

हॉलव्हिक
११ ऑक्टोबर १९७६

प्रिय लव्हॉन,

नाव देऊ नकोस.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण व्हर्जिल म्हणाला की माणसाला कारण सांगावं. तर सांगते, आणि त्यानंतर हा विषय नको.

व्हर्जिलला लाज वाटत नाही. लग्नाआधीच त्याने ते कॅलेंडर पाहिलं होतं आणि अजून कधीतरी त्यावरून मला छेडतो. माझ्या मुलांनाही काही वाटायचं नाही, त्यांनी याहून बरंच काही पाहिलंय. प्रश्न आईचा आहे. आई चर्चच्या मागे पुरलेली आहे आणि मी दर रविवारी तिच्या थडग्यावरून जाते.

तुला माहीत नसेल म्हणून लिहिते. त्या वर्षी जानेवारीत डेअरीच्या कचेरीत ते कॅलेंडर लागलं. आई लोण्याचा डबा घेऊन गेली होती. मिसेस स्टेन्सरूड तिथेच होत्या, त्यांनी मला पत्र लिहून कळवलं. आई चित्रासमोर उभी राहिली, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग खुर्ची ओढली, वर चढली, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळून काखेत मारलं आणि कुणाशी एक शब्द न बोलता घरी गेली. थोड्याच वेळात चुलीच्या धुराड्यातून धूर निघाला, असंही त्यांनी लिहिलं होतं. बर्गिट टोफ्टेने पोरीचं चित्र जाळलं, हे गावभर झालं.

त्या चित्राबद्दल आई माझ्याशी कधीच बोलली नाही. आठ वर्षं. एकोणसाठ साली गेली, तोवर एक अक्षर नाही. तिच्या मनातून मी उतरले, लव्हॉन, आणि परत चढले नाही. आता तिच्या पाठीमागे त्याच चित्राखाली टोफ्टे हे नाव लावायचं? मला ते जमणार नाही.

डोळ्याला जप. ओझं उचलू नकोस.

आर्डिस

*

डुलूथ
२० ऑक्टोबर १९७६

प्रिय आर्डी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. विषय नको म्हणालीस, पण मी तेरा वर्षांनी मोठी आहे आणि तुझे लंगोट बदललेत, तेव्हा थोडं ऐक.

मला तो स्टुडिओ आठवतो. बेकरीच्या वरची खोली, सकाळी जिन्यातून वेलदोड्याच्या पावाचा वास वर यायचा आणि तुझं पोट भर पोझमध्ये गुरगुरायचं. तू कंपनीत टेलिफोनवर होतीस, तेवीस वर्षांची. शनिवारी सुट्टी झाली की येऊन उभी राहायचीस. मशीन दुकानातून दोन दिवसांसाठी मागून आणलेलं, त्याची वायरसुद्धा जोडलेली नव्हती. झगा वर ओढला जायला हवा म्हणून मी घेराला मासे पकडायची दोरी बांधून ती छताच्या आकड्यातून घेतली होती आणि तिचं टोक दाताखाली धरून फोटो काढत होते. तू हसायचीस आणि मी ओरडायचे, "हसू नकोस, ओठ गोल कर, तुला धक्का बसलाय!" तू म्हणायचीस, "धक्का कशाचा? वायर तर लावलेलीच नाही."

ऍप्रन मीच शिवला होता, झालरवाला, पुढे बदामाचा आकार. आणि एक गुपित सांगते, आता कुणाला काय. पाय तुझे नव्हतेच. तुझ्या पिंढऱ्या शेतातल्या. कंपनीला लांब पाय हवे असायचे, म्हणून पाय मॅक्सिन नावाच्या दुसऱ्या मॉडेलचे घेतले. आम्ही सगळेच तसं करायचो, हिचं तोंड, तिचे पाय. तुझे होते फक्त चेहरा आणि हात. तेव्हा त्यात तुझी लाज वाटावी असं जे काही आहे, ते मॅक्सिनचं आहे.

बर्गिट मावशी कपडे धुताना शीळ घालायची, आठवतं? चर्चमधली गाणी, आणि तीही नाचाच्या तालावर. अशी बाई दोन उघड्या पायांपायी पोरीला मनातून उतरवेल, असं मला नाही वाटत. तिला दुसरं काही वाटलं असेल.

पुन्हा विचार कर.

लव्हॉन

*

हॉलव्हिक
२ नोव्हेंबर १९७६

प्रिय लव्हॉन,

तुला नाही वाटत, कारण तू तिथे नव्हतीस. त्या एक्कावन्नच्या ईस्टरला काय झालं ते मी व्हर्जिललाही सांगितलेलं नाही.

मी शुक्रवारी बसने घरी आले. आईने दार उघडलं, जेवायला वाढलं, बाबांनी गाईचं काहीबाही सांगितलं. कॅलेंडरचा विषय नाही. मला वाटलं, चला, सुटले. शनिवारी सकाळी मी निळा कोट घालून खाली आले. नवीन होता, माझ्या पगाराचा. आईने कोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "तो काढ. खाली चल. कपडे धुवायचेत."

शनिवारी, लव्हॉन. ईस्टरच्या आदल्या दिवशी. आमच्या गावात सोमवार सोडून कुणी दोरीवर साधा रुमाल वाळत घातला तर चर्चमध्ये विचारतात, घरात कुणी आजारी आहे का म्हणून. आणि आईने तीन टब भरले. चादरी, बाबांचे जाड कपडे, सगळं. मला मशीनपुढे उभं केलं आणि स्वतः जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हाताची घडी घालून बसली. एका कपड्याला हात लावला नाही तिने. नुसती माझ्याकडे बघत होती. मी एकेक कपडा रुळात घालत होते आणि ती बघत होती. शीळ नाही, बोलणं नाही. तिसरा टब संपला तशी उठली, "ठीक" म्हणाली आणि वर निघून गेली.

मग मी ते सगळं बाहेर वाळत घातलं. मार्चचा गारठा, चादरी दोरीवरच फळीसारख्या ताठ झाल्या. समोरच्या रस्त्याने चर्चमध्ये फुलं मांडायला बायका चालल्या होत्या. मिसेस स्टेन्सरूड थांबल्या, "आज कपडे, आर्डिस?" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मला तेव्हाच कळलं. चित्रात नटूनथटून कपडे धुतेस ना, घे, आता सगळ्या गावादेखत खरे धू. ती शिक्षा होती. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी त्या घरी कधी रात्रीची राहिले नाही. पुढे लग्न होऊन पाच मैलांवर आले, तरी नाही. आले आणि गेले.

आता मला एक खरं सांग. मावशीला दुसरं काही वाटलं असेल, असं तू लिहिलंस. तू उगाच असं लिहिणाऱ्यातली नाहीस. ती तुझ्याशी कधी काही बोलली होती का?

आर्डिस

*

डुलूथ
२९ नोव्हेंबर १९७६

प्रिय आर्डी,

चार आठवडे मी उत्तर दिलं नाही. डोळ्याचं निमित्त होतं, पण डोळ्याने मला अडवलं नव्हतं. हो, ती बोलली होती. सोबतची गुंडाळी उघडण्याआधी हे पत्र पुरं वाच, नाहीतर माझं ऐकायला तू थांबणार नाहीस.

तेहेतीस सालचा तो सोमवार तुला नीट आठवत नसेल, तू सहा वर्षांची होतीस. मागच्या ओसरीवर मशीन होतं, ते फटफटणारं, पेट्रोलवर चालणारं. मावशी जाड पांघरूण पिळत होती. तिची बाही आत गेली, मग हात, मग कोपरापर्यंत. ती ओरडलीसुद्धा नाही. मी कपडे वाळत घालत होते, दोरीपासून धावले आणि रुळांच्या वरच्या दांडीवर दोन्ही मुठी मारल्या. दांडी दाबली की रूळ उघडतात, तुला सांगायला नको. तिची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. त्या दिवसापासून घरात एकच नियम झाला, डावा हात दांडीवर. उजव्याने कपडा घालायचा, डावा दांडीवरून हलवायचा नाही, गालावर माशी बसली तरी नाही. सातव्या वर्षी तुला स्टुलावर उभं करून तिने तेच शिकवलं.

आणि सतरा वर्षांनी कंपनीने मला 'घरात फजिती' या विषयावर चित्र मागितलं तेव्हा माझ्या डोक्यात तेच आलं. कंपनीने सुचवलं होतं असं मी तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते. मला सुचलं. जे पाहून मी तशी धावले होते, त्याचंच मी गमतीचं चित्र केलं. बाहीचा झगा केला आणि न फुटलेल्या किंकाळीचा ओठांचा गोल. तू पोझला उभी राहिलीस तेव्हा तुझा डावा हात आपोआप दांडीवर गेला, आठवतं? वायर नसलेल्या मशीनच्या दांडीवर. मीच म्हटलं, "तिथून काढ, तोंडाशी ने, छान दिसतं." कारण हात दांडीवर असला तर गोष्टच संपली ना. पोरगी दांडी दाबेल, झगा सोडवेल आणि कामाला लागेल. मग कॅलेंडर कोण घेणार?

आता गुंडाळी उघड. मावशीने काही जाळलं नव्हतं. मिसेस स्टेन्सरूडना दिसलेला धूर स्वयंपाकाचा असणार. ते कॅलेंडर तिने मला पाठवलं. चित्रावर पेन्सिलने तिने काय केलंय ते बघ आणि मागे लिहिलंय ते वाच. अक्षर पुसट झालंय, म्हणून इथे उतरवून देते.

"लव्हॉन, चित्र पाहिलं. मशीन बरोबर काढलं आहेस, स्क्रूसुद्धा. पायांबद्दल इथे लोक बोलतात. बोलू देत. पाय चांगले आहेत, आमच्या घराण्यातले आहेत. पण डावा हात तोंडाशी का आहे? झगा अडकला तर आर्डिस तोंडावर हात नेणार नाही. ती दांडी दाबेल. तिला मी शिकवलं आहे. माझ्या मुलीला काम येत नाही, असं तू सगळ्या देशाला का सांगितलंस? हात खाली घे. कुठे ते मी दाखवलं आहे. तिला यातलं काही बोलू नकोस, तिला वाटेल मी तिच्यावर रागावले. ईस्टरला आली की मी स्वतःच बघेन, शहरात राहून विसरली तर नाही ना. बर्गिट मावशी. ता. क. ऍप्रनला खिसा नाही. चिमटे कुठे ठेवणार?"

ईस्टरच्या आठवड्यात तिचं एक कार्ड आलं. तेही आत आहे. "बघितलं. तीन टब. हात एकदाही सुटला नाही. आता तू तुझं कर."

मी माझं केलं नाही, आर्डी. कंपनीतल्या साहेबाला चित्र दाखवून म्हटलं, हात बदलायचा आहे. तो म्हणाला, "लव्हॉन, त्या चित्रात हात कोण बघतंय?" सगळे हसले. मीही हसले. आणि मावशीला कळवलं की पुढच्या छपाईत बदलते. दर नाताळला ती विचारायची, झालं का? शेवटी मी लिहिलं, झालं. तिने लिहिलं, आता लांब जाऊन बघणं जमत नाही, पण तू म्हणतेस म्हणजे नीट असेल. सोबत चोकचेरीच्या जॅमची बाटली होती. ती मी खाऊ शकले नाही.

तिने तुला सांगू नकोस म्हटलं होतं, त्याच्याआड मी पंचवीस वर्षं लपले. तुला हे कळलं असतं तर माझं खोटंही कळलं असतं. तू असं काही मानून बसली आहेस, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. पण मी कधी विचारलंही नाही.

नाव द्यायचं की नाही ते तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही.

लव्हॉन

*

डुलूथ
३ जानेवारी १९७७

आर्डी,

नाताळचं कार्ड आलं नाही. तुझं दर वर्षी येतं, गाईचा फोटो असलेलं. रागावली असशील तर रागाव, पण दोन ओळी लिहून रागाव. तब्येत बरी आहे एवढं तरी व्हर्जिलला कळवायला सांग.

लव्हॉन

*

हॉलव्हिक
१७ जानेवारी १९७७

प्रिय लव्हॉन,

तब्येत बरी आहे. रागावले होते. अजून आहे थोडी. पण किती तुझ्यावर आणि किती माझ्यावर, ते वेगळं करता येत नाही, म्हणून सोडून दिलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते चित्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं आणि चारी कोपऱ्यांवर कप ठेवले. तोंडाशी असलेल्या हातापासून दांडीपर्यंत पेन्सिलची रेघ किती जोरात ओढलीय तिने. कागद फाटायचा बाकी आहे. तिची ती दोन वाकडी बोटं, पेन्सिल धरायला त्रास व्हायचा तिला. व्हर्जिल धार काढून आला, त्याने वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे म्हातारी तुझी बाजू घेत होती." मी रडले, लव्हॉन. एकोणपन्नास वर्षांची बाई, गाईच्या वासाच्या नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

आठ वर्षं मी तिच्याकडे गेले की कोट न काढता बसायचे. ती म्हणायची, "कोट काढ की." मला वाटायचं, पुन्हा कामाला लावणार. तिला नुसतं मी बसावं असं वाटत असेल. आता विचारणार कुणाला?

मग काही दिवस मी काहीच केलं नाही. नाताळही कसातरी उरकला. गेल्या सोमवारी तळघरात गेले. आईचं दुसरं मशीन, विजेवरचं, ती गेल्यावर मी आणलं होतं. त्यावर व्हर्जिल गोठ्यातली फडकी धुतो. मी एक चादर घेतली आणि रुळात घातली. लव्हॉन, मी बघितलंसुद्धा नाही, डावा हात आपला आपण दांडीवर गेला. व्हर्जिलला हाक मारली आणि म्हटलं, फोटो काढ. तो म्हणाला, "पाय पण घेऊ का?" त्याला मी ओलं फडकं फेकून मारलं.

फोटो सोबत आहे. तुझ्या चित्रातला हात बदल. तू मावशीला दिलेला शब्द पाळ, आता तो मला दिलेला आहे असं समज. हा हात काढ, जसा आहे तसा. नखं तोकडी, अंगठ्याशी भाजल्याचा डाग, शिरा वर आलेल्या. गोंडस करू नकोस. तेवीस वर्षांच्या पोरीला हा शोभणार नाही, मला माहीत आहे. शोभायला नकोच.

तो बदललास तर माझं नाव लाव. नाहीतर नाही.

आर्डिस

*

डुलूथ
२१ फेब्रुवारी १९७७

प्रिय आर्डी,

झालं. या वेळी खरंच झालं. खोटं वाटेल म्हणून फोटो पाठवते आहे.

दीड डोळ्याने चार आठवडे लागले. तरुणपणी असा हात मी एका दुपारी काढला असता आणि त्याला गुलाबी नखं लावली असती. जुना हात तोंडावरून काढायला सर्वांत वेळ लागला, कारण त्याच्याखाली गाल रंगवलेलाच नव्हता. गाल नवा करावा लागला. डाग मी तीनदा काढला, दोनदा तो माशी बसल्यासारखा दिसत होता.

जुडिथ बघायला आली आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, "पण हे आता जुनं चित्र राहिलं नाही. हात दांडीवर असेल तर गंमत काय उरली?" मी म्हटलं, "बाई, तेच तर." तिला मावशीचं पत्र वाचून दाखवलं. ती खुर्चीत बसली, पुन्हा वाचायला मागितलं, मग म्हणाली की शेजारी जुनं कॅलेंडरही लावू, म्हणजे लोकांना दोन्ही दिसतील. चालेल असं मी सांगितलं. तुझ्याकडचं ते पेन्सिलवालं देशील का, विचारत होती. द्यायचं असेल तरच दे.

एक गोष्ट मी ठरवून केलेली नाही, ती तुला आधीच सांगते. ओठ मी बदलले नाहीत. हात तोंडाशी होता तेव्हा तो गोल घाबरल्यासारखा दिसायचा. आता हात खाली दांडीवर आला आणि तोच गोल शीळ घालणाऱ्या बाईचा दिसतोय. मी ब्रश ठेवला, लांब जाऊन बघितलं आणि मला मागच्या ओसरीवरचं ऐकू आलं, नाचाच्या तालावरचं.

मार्चमध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, नेमकं त्याच आठवड्यात, त्यामुळे मला येता येणार नाही. तू जा. माझ्यासाठी जा.

लव्हॉन

*

हॉलव्हिक
१४ मार्च १९७७

प्रिय लव्हॉन,

हे पत्र कुणाकडून तरी वाचून घे, डोळा उघडू नकोस. समोरच्या म्हाताऱ्याला सांग. तो खूश होईल.

शनिवारी गेलो. मी आणि व्हर्जिल जाणार होतो, पण चर्चमधल्या बायकांना कळलं आणि त्यांनी गाडीच केली. चौदा जणी, त्यांत मिसेस स्टेन्सरूड. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं. मी निळा कोट घातला होता. तो नाही, दुसरा.

चित्र लांबलचक भिंतीवर होतं. शेजारी आईचं, पेन्सिलवालं. ते मी दिलं, पण जून संपला की परत हवं असं लिहून घेतलं. खाली पाटी होती. चित्रकार लव्हॉन हाउगन. चेहरा आणि हात आर्डिस टोफ्टे. पाय मॅक्सिन, आडनाव माहीत नाही. दुरुस्ती बर्गिट टोफ्टे, १९५१. ते आईचं नाव मी बोट लावून वाचलं. पहारेकरी म्हणाला, हात लावू नका.

पुरुष येतात ते आधी पाय बघतात. मॅक्सिन कुठे असेल ती सुखी असो. बायका मात्र हाताकडे बघून थांबतात. मिसेस स्टेन्सरूड चष्मा पुसून जवळ गेल्या.  मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "हा बर्गिटचा हात आहे." मी म्हटलं, "माझा आहे." त्या म्हणाल्या, "तेच ते." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मी उगाच तो धूर लिहिला ग तुला. तिच्या घरी जेवणाची वेळ होती."   सव्वीस वर्षांनी बाई धूर परत घेत होती.

तिथे एक शाळकरी मुलगी होती, दात किडलेली, हातात वही. तिने मला विचारलं, "ही दांडी कशाला असते?" मी सांगितलं, दाबली की रूळ उघडतात. ती म्हणाली, "मग झगा सुटेल?" सुटेल. "मग ही अडकलेली नाहीच?"

"नाहीच," मी म्हटलं. "हिला काम येतं."

हे मी मोठ्याने म्हटलं, लव्हॉन. मिसेस स्टेन्सरूडनाही ऐकू गेलं.

रविवारी चर्चनंतर आईकडे गेले. बर्फ अजून गुडघाभर आहे. व्हर्जिलने वाट करून दिली. तिथे बसायला काही नाही, तरी कोट काढून जरा वेळ उभी राहिले. व्हर्जिल म्हणाला, वेडी आहेस, गारठशील. गारठलेच.

चित्र जूनमध्ये सुटेल. ते मला पाठवायचं तू ठरवलं आहेस, असं जुडिथ म्हणाली. मी नाही म्हणणार नाही. स्वयंपाकघरात, चुलीच्या समोरची भिंत मोकळी करते आहे. तुझा दुसरा डोळा बरा झाला की उन्हाळ्यात इकडे ये, महिनाभर राहा, आणि येताना रंग घेऊन ये.

ऍप्रनला खिसा राहिलाय.

तुझी,
आर्डी